वाचकांचे प्रश्न : रस्त्यावरचे जुने फोटो आणि घरातले चिनी आप्त

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आजीच्या निधनानंतर तिच्या ट्रंकेत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा सापडला. त्यात चार फोटो आहेत. पहिल्यात नव्या पेठेतून एक जोडपे चालत येताना दिसते; बाई नऊवारीत, पुरुष कोट-पँटमध्ये आणि मध्ये हात धरलेली चार-पाच वर्षांची मुलगी. दुसऱ्यात तेच तिघे गड्ड्याच्या जत्रेत पुठ्ठ्याच्या विमानात बसले आहेत. तिसऱ्यात तो पुरुष मुंबईतल्या एका दुकानापुढे एकटाच उभा आहे. दुकानावरच्या पाटीवर दातांची कवळी रंगवलेली आहे, पण अक्षरे लागत नाहीत. चौथा फोटो पार बिघडलेला आहे. चेहरा काळाकुट्ट, कोट पांढरा आणि सगळेच उलटे. आई सांगते की आजीच्या थोरल्या बहिणीने मुंबईत एका चिनी दंतवैद्याशी लग्न केले होते. माहेरच्यांनी काही वर्षे संबंध तोडले, पुढे दोघे गड्ड्याला सोलापूरला येऊ लागले, आणि १९६२ नंतर पत्रे अजिबात बंद झाली. घरात त्यांचा उल्लेख ‘चिनी दंतवैद्य’ एवढाच होत असे. त्यांचे नाव आज कोणालाही सांगता येत नाही. फोटो कोणत्या काळातले आहेत, त्या माणसाचे नाव आता सापडेल का आणि चौथा फोटो टाकून द्यावा का, हे कृपया सांगावे. आजीने जे झाकून ठेवले ते आपण उघडू नये, असे आईचे म्हणणे आहे. त्याबद्दलही आपले मत हवे आहे. फोटोंच्या प्रती सोबत पाठवत आहे.
— एक वाचक, रेल्वे लाइन्स, सोलापूर

उत्तर : चौथा फोटो कृपा करून टाकू नका. चारही फोटोंत तोच सर्वांत मोलाचा आहे. तो बिघडलेला नसून तिसऱ्या फोटोची कागदी निगेटिव्ह आहे.

रस्त्याच्या कडेला तिकाटण्यावर लाकडी पेटी मांडून बसणारे फोटोवाले पूर्वी स्टेशनाबाहेर, कचेऱ्यांसमोर आणि जत्रांत सर्वत्र असत. त्या पेटीतच कॅमेरा आणि त्यातच अंधारखोली असे. पेटीला काळ्या कापडाची बाही शिवलेली असे. तिच्यातून हात आत घालून फोटोवाला कागदावरच चित्र घेई आणि आतल्या डेव्हलपरच्या (चित्र उमटवणाऱ्या) व हायपोच्या (उमटलेले चित्र पक्के करणाऱ्या) रसायनांच्या भांड्यांत तो कागद धुऊन काढी. या पहिल्या कागदावर काळ्याचे पांढरे, पांढऱ्याचे काळे आणि डाव्याचे उजवे झालेले असे. मग तो ओला कागद भिंगासमोरच्या फळीवर लावून त्याचा पुन्हा फोटो घेतला जाई, तेव्हा कुठे गिऱ्हाइकाच्या हाती सरळ फोटो पडे. म्हणजे हाती आलेला फोटो ही नक्कल असे आणि अस्सल चित्र त्या काळ्या कागदावर राही. नक्कल करताना बारीक तपशील नेहमीच थोडे हरवतात. आपल्या तिसऱ्या फोटोतल्या पाटीवर अक्षरांच्या जागी करडे डाग दिसतात, त्याचे कारण हेच आहे. बहुतेक लोक हा काळा कागद घरी नेत नसत. आपल्या मावसआजींनी तो मागून घेतला आणि बहिणीकडे जपायला दिला, यावरून त्यांना या फोटोचे किती अगत्य होते हे कळते.

आपण पाठवलेल्या प्रतीवर आम्ही दोनच गोष्टी केल्या. संगणकावर तिचे काळे-पांढरे उलटे केले आणि मग डावी बाजू उजवीकडे फिरवली. पाटी बरीचशी वाचता आली. कवळीच्या वर तीन मोठी चिनी अक्षरे आहेत आणि खाली इंग्रजीत नाव व ‘चायनीज डेंटिस्ट’ असे लिहिलेले आहे. नावातले शेवटचे एक-दोन वर्ण मात्र खांबाच्या सावलीत गेले आहेत. कुटुंबाच्या संमतीशिवाय ते नाव येथे छापणे योग्य नाही, म्हणून आपल्याला स्वतंत्र पत्राने कळवले आहे. मूळ कागद चांगल्या स्कॅनरवर १२०० डीपीआयला (म्हणजे इंचाला १२०० ठिपके इतक्या बारकाईने) स्कॅन केल्यास ते उरलेले वर्णही बहुधा लागतील. चिनी वाचता येणाऱ्याला दाखवताना मात्र एक काळजी घ्यावी. त्या काळच्या आडव्या पाट्या पुष्कळदा उजवीकडून डावीकडे लिहीत आणि चिनी नावात आडनाव आधी येते. त्यामुळे आपल्या पाटीवर आडनावाचे अक्षर उजव्या टोकाला असण्याची शक्यता आहे. इंग्रजी स्पेलिंगवर फार विसंबू नका. एकच आडनाव बोलीप्रमाणे चेन, चान किंवा चिन असे लिहिले जाते. ओळख पक्की होते ती मूळ चिनी अक्षरावरून.

आता काळाविषयी. पहिल्या आणि दुसऱ्या फोटोत मुलीच्या अंगात एकच फ्रॉक आहे. गळ्याला झालर आहे आणि खालच्या घेराला वेगळ्या कापडाची पट्टी जोडून तो लांब केलेला आहे. त्यामुळे दोन्ही फोटो एकाच फेरीतले मानायला हरकत नाही. दुसरा गड्ड्यातला आहे, म्हणजे महिना संक्रांतीचा, जानेवारीचा. पुठ्ठ्याच्या विमानाच्या शेपटीवर तीन पट्ट्यांचा झेंडा असून मधल्या पट्टीवर चक्र आहे. हा ध्वज संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला, तेव्हा जानेवारी १९४८ च्या आधीचा हा फोटो असू शकत नाही. पहिल्या फोटोत मागच्या हॉटेलच्या फळ्यावर ‘चहा १ आणा’ असे खडूने लिहिले आहे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली आणि फळ्यांवर नये पैसे दिसू लागले. जुना भाव आणखी काही दिवस तसाच राहिला असे धरले, तरी हे फोटो १९४८ ते १९५८ या दहा वर्षांतले ठरतात. मुंबईतल्या दुकानाचा फोटो थोडा आधीचा असावा, कारण त्यात गृहस्थ स्पष्टपणे तरुण दिसतात.

या हिशोबाने फोटोतली मुलगी १९४३ ते १९५४ च्या दरम्यान जन्मलेली आहे. ती आज सत्तरीत किंवा ऐंशीच्या पुढे असेल, आणि हयात असण्याचा संभव चांगला आहे. आपण दंतवैद्यांचे नाव शोधत आहात. आमच्या मते शोध त्या मुलीचा घ्यावा. ती आपल्या आईची सख्खी मावसबहीण आहे.

शोध कुठून सुरू करावा, हे समजण्यासाठी ही माणसे येथे कशी आली ते थोडे सांगायला हवे. भारतातली चिनी वस्ती कोलकात्याला अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली आणि पुढे ज्या त्या प्रांतातल्या लोकांनी आपापला धंदा धरला. कँटनकडचे लोक सुतारकामात आणि गोदीत शिरले, हक्का बोली बोलणाऱ्या चिनी लोकांनी चामडे आणि जोडे यांत जम बसवला, तर हूपै प्रांतातले लोक दात बसवण्याच्या कामात वाकबगार म्हणून गावोगाव गेले. हे काम बाप मुलाला किंवा काका पुतण्याला शिकवी. कॉलेजची पदवी नसे, पण हाताला सफाई असे आणि दर गरिबाला परवडणारे असत, म्हणून दारावर कवळी रंगवलेली त्यांची दुकाने भारतातल्या अनेक शहरांत चालली. १९४८ मध्ये दंतवैद्यांसाठी कायदा झाला, तेव्हा राज्यांच्या नोंदवहीचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग करण्यात आले. पदवी नसताना वर्षानुवर्षे याच धंद्यावर पोट भरणाऱ्यांची सोय ‘ब’ भागात होती. पाटीवरचे इंग्रजी नाव घेऊन राज्य दंत परिषदेकडे जुन्या ‘ब’ भागाची चौकशी करावी. त्याच काळातल्या मुंबईच्या व्यावसायिक डिरेक्टऱ्यांत दंतवैद्यांची पत्त्यांसह यादी असे. पत्ता हाती लागला की मुलीच्या शाळेपर्यंत पोहोचता येईल, आणि शाळेच्या दाखला-नोंदवहीत जन्मतारीख व वडिलांचे पूर्ण नाव मिळेल.

मुंबईत चिनी लोक मुख्यतः माझगाव, डॉकयार्ड रोड आणि कामाठीपुऱ्याकडच्या शुक्लाजी स्ट्रीटच्या आसपास राहत. माझगावात नवाब टँक रोडवर सी यिप हे त्यांचे १९१९ सालचे देऊळ आजही आहे. ते कँटनकडच्या खलाशांनी बांधले असल्याने हूपैचे दंतवैद्य त्याच मंडळीतले असतील असे नाही, तरी मुंबईत उरलेली चिनी घरे थोडकी आहेत आणि त्यांच्यातली वृद्ध माणसे एकमेकांना ओळखतात. चिनी नववर्षाच्या दिवशी तेथे लोक जमतात. त्या सुमारास फोटोची मोठी प्रत घेऊन जावे. अँटॉप हिलला चिनी दफनभूमी आहे. चिनी थडग्यावर मृताच्या नावाबरोबर त्याच्या मूळ जिल्ह्याचे आणि गावाचेही नाव कोरण्याची रीत आहे, म्हणून मावसआजोबांचे देहावसान मुंबईत झाले असेल, तर तो एक दगड आपल्याला कागदपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त सांगेल. फोटोच्या पाठीमागे किंवा दगडावर सालाचा आकडा लहान दिसला, उदाहरणार्थ ३८ किंवा ४१, तर त्यात १९११ मिळवावेत. चिनी प्रजासत्ताकाची कालगणना १९१२ पासून सुरू होते.

पत्रे १९६२ नंतर का थांबली, याचा विचार आपल्या आईंनी अवश्य करावा. भारत-चीन युद्ध २० ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर १९६२ असे महिनाभर चालले, परंतु येथल्या चिनी कुटुंबांची परवड पुढे कित्येक वर्षे संपली नाही. ज्यांचे आई-वडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कोणी शत्रुराष्ट्राचे नागरिक होते, अशांनाही परकीयांचे कायदे लागू झाले. येथे जन्मलेली, चीन कधी न पाहिलेली मुलेसुद्धा त्यात आली. सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातल्या देवली छावणीत ठेवण्यात आले. त्यांत आसाम आणि उत्तर बंगालमधली माणसे जास्त होती, आणि काहींची सुटका १९६७ पर्यंत झाली नाही. ज्यांना छावणीत नेले नाही त्यांना पोलिसांकडे नोंद करावी लागे आणि परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. मुंबईहून गड्ड्याला सोलापूरला येणे, जे आधी निव्वळ माहेरपण होते, त्याला आता पोलिसांचा परवाना लागणार होता. १९६३ मध्ये चीनने पाठवलेल्या जहाजांतून दोन हजारांहून अधिक लोक मद्रास बंदरातून गेले. पुढच्या वर्षांत पुष्कळांनी कॅनडा गाठले आणि टोरांटोच्या परिसरात वस्ती केली. अशा दिवसांत ‘चीन’ हा शब्द असलेले पाकीट सोलापूरच्या चाळीत येणे माहेरच्या लोकांच्या अंगाशी येईल, असे मावसआजींना वाटले असेल, तर ते त्या काळाला धरूनच होते. आजींनी फोटो फाडले नाहीत, जाळले नाहीत, ट्रंकेच्या तळाशी डब्यात ठेवले. आम्हाला यात लपवण्याची इच्छा दिसत नाही. धोका टळेपर्यंत जपून ठेवणे दिसते, आणि तो धोका आता उरलेला नाही.

तरीही आईंचे मन दुखवून हे काम करू नये. फोटो समोर ठेवून ‘हे कोण, नाव काय’ असे विचारले की म्हातारी माणसे गप्प होतात, कारण नाव आठवत नाही याची त्यांना खंत वाटते. त्याऐवजी हा रस्ता कुठला, ते आले की कुणाकडे उतरत, पंगतीला बसत का, मुलगी कोणत्या भाषेत बोले, असे विचारावे. फोन शेजारी ठेवून ध्वनिमुद्रण सुरू करावे आणि मध्ये बोलू नये. नावे पुष्कळदा अशा बोलण्याच्या ओघात आपोआप येतात. आजींच्या पिढीतले कोणी बाळीवेस, सदर बझारकडे अजून असतील तर त्यांच्याकडेही फोटो घेऊन जावे. जे कळेल ते त्याच दिवशी फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हात जड न करता लिहावे. बॉलपेनची शाई आणि दाब दोन्ही पुढून उमटतात. आणि कुटुंबाच्या वंशावळीत मावसआजींच्या नावापुढे रिकामी राहिलेली जागा, पाटीवरून जे नाव मिळाले आहे त्याने आजच भरावी. गावाचे नाव मिळेल तेव्हा मिळेल.

प्रश्न : आमचे आजोबा मिलमध्ये होते. सायकलवर रेशमाचे गाठोडे बांधून एक चिनी फेरीवाला चाळीत येई आणि त्याची व आजोबांची दोस्ती होती, असे ते सांगत. चाळीच्या तोंडाशी दोघांचा एक फोटो आहे. असे फेरीवाले सोलापूरसारख्या कापडाच्या गावात कशाला येतील?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : कापडाचे गाव म्हणूनच ते आले असतील. सोलापूरची १८७७ सालची जुनी मिल, नंतरच्या गिरण्या आणि पद्मशाली विणकरांचे माग यांतून बाहेर पडे ते मुख्यतः सुती कापड. चिनी फेरीवाले विकत ते रेशीम, आणि तेही दारात, हप्त्याने. हे लोक बहुतांशी शांतुंग प्रांतातले होते. तेथले टसरसारखे जाडसर रेशीम प्रसिद्ध होते आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात त्यांची सायकल भारतातल्या पुष्कळ शहरांत ओळखीची झाली होती. बहुतेक जण एकटे येत. बायको-मुले गावीच असत आणि दरसाल पैसे पाठवले जात. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले, तेव्हा मालाची वाट आणि घरची वाट दोन्ही बंद झाल्या. आपल्या आजोबांची दोस्ती याच वर्षांतली असेल, तर त्या माणसाला परत जायला घर राहिले होते की नाही, हा प्रश्न दोघांच्या बोलण्यात नक्की आला असेल. आजोबांनी सांगितलेली एखादी गोष्ट आपल्याला आठवत असली, तर फोटोइतकीच तीही लिहून ठेवण्याजोगी आहे. फोटोत गाठोड्याच्या गाठीखाली मापाची लाकडी पट्टी खोचलेली दिसते. सायकलच्या पुढच्या दिव्याचा प्रकारही नीट पाहावा. तेलाचा दिवा आणि चाकावर फिरणारा डायनॅमो यांतला फरक काळ ठरवायला उपयोगी पडतो.

प्रश्न : वडिलांच्या संग्रहात एका सत्काराचा फोटो आहे. हार घातलेल्या चिनी बाई डॉ. कोटणीसांच्या पत्नी असतील का?
— एक वाचिका, सोलापूर

उत्तर : असू शकतील, पण केवळ चिनी चेहरा पाहून तसे लिहून ठेवू नये. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी झाला. १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, १९४१ मध्ये त्यांनी परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे तेथेच निधन झाले. त्यांचा मुलगा त्या वेळी काही महिन्यांचा होता. तोही १९६७ मध्ये ऐन तारुण्यात गेला. गुओ छिंगलान २०१२ पर्यंत हयात होत्या आणि त्या अनेकदा भारतात आल्या. परंतु कोटणीसांच्या नावाने चीनमधली शिष्टमंडळेही येत राहिली आहेत आणि त्यांत स्त्रियाही असतात. भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीस स्मारकात गुओ छिंगलान यांची छायाचित्रे लावलेली आहेत. आपला फोटो तेथे घेऊन जावा आणि कपाळ, कानाची पाळी व हनुवटी ताडून पाहावी. केस आणि चष्मा वयाप्रमाणे बदलतात, त्यांवर जाऊ नये. त्या गुओ छिंगलान नाहीत असे ठरले, तरी फोटोचे मोल कमी होत नाही. मग त्या कोण, हे त्या वर्षीच्या स्थानिक वृत्तपत्रांच्या फायलींत शोधावे. सत्काराची बातमी नावांसकट छापली गेलेली असते.

प्रश्न : आजी-आजोबांचा रस्त्यावर काढलेला फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला आहे. वाफ देऊन काढावा का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : वाफ देऊ नये आणि पातेही घालू नये. फोटोवरचा जिलेटिनचा थर काचेला धरून बसला आहे. ओढला तर चेहरे काचेवर राहतील आणि कागद हातात येईल. फ्रेमची मागची पाठ काढून फोटो काचेसकट स्कॅन करावा, ६०० डीपीआयला किंवा त्याहून अधिक, आणि मग काचेसकटच आम्लरहित कागदात गुंडाळून आडवा ठेवावा. माळ्यावर किंवा पत्र्याखाली ठेवू नये. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये तेथली उष्णता या थराला सोसत नाही. घरातल्या आतल्या खोलीतले, बाहेरच्या भिंतीला न लागलेले कपाट चांगले. त्यात डांबराच्या गोळ्या टाकू नयेत. काच तडकलेली असेल, तर स्कॅन करण्यापूर्वी तिला मागून दुसऱ्या काचेचा आधार द्यावा आणि चिकटपट्टी फक्त काचांच्या कडांना लावावी, फोटोला कुठेही लागू देऊ नये.